सतरा नंबरची कोरी ओळ

समोर बसलेली बाई रडायला लागली की वकीलबाई मनगटावरचं घड्याळ काढायच्या. चावी द्यायचं, चामडी पट्ट्याचं, पुरुषी घड्याळ होतं ते. रडणाऱ्या बाईला नीट दिसेल असं ते टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पाच मिनिटं. पोटभर रडून घ्या. मग तारीख सांगा."

आणि खरोखर पाच मिनिटं त्या काही बोलायच्या नाहीत. पाठीवर हात नाही, पाणी नाही, 'शांत व्हा' नाही. दुसऱ्या कुणाचे कागद वाचत बसायच्या. एखादीचं रडणं साडेचार मिनिटांत संपलं तर उरलेलं अर्धं मिनिटही तिचंच. सहावं मिनिट मात्र कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात परभणीच्या कोर्टाच्या आवारात एखादी दुपार काढली असेल, त्यांनी त्यांना पाहिलं असणारच. ठेंगण्या, सावळ्या, उजवा पाय किंचित ओढत चालणाऱ्या. काळा कोट अंगात कमी आणि कापडी पिशवीत जास्त. त्याच पिशवीत भाकरी आणि ठेचा. एकदा एका न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं म्हणे, "बाई, तुमच्या कोटाला कसला वास येतो?" बाई म्हणाल्या, "पक्षकाराचा, साहेब."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की गावाचं लिहावं लागेल, आणि गावाचं लिहिलं की आणखी एका बाईचं घर सापडेल. तिला आधीच पुरेसा त्रास झालेला आहे. त्यातला काही माझ्यामुळे.

मी तलाठी होतो, पुढे मंडळ अधिकारी झालो. तीस वर्षं नोंदी केल्या. चुकीचा आकडा मला खड्यासारखा टोचतो, हा माझा गुण समजा किंवा खोड. म्हणून जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो आणि जे ऐकलं ते ऐकलं म्हणून.

ऐकलेलं असं. त्यांचे वडील निजामाच्या अमदानीतले वकील. उर्दू कागद वाचणारे. मुलीनं ते त्यांच्या मांडीवर शिकून घेतलं. ती कोट घालून कोर्टात आली तेव्हा आपल्याकडे बाई वकील म्हणजे सर्कशीतली गोष्ट. बाररूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती. त्या घरून आणायच्या, तर ती संध्याकाळपर्यंत नाहीशी व्हायची. लग्न केलं नव्हतं आणि वर लाल झेंडा, त्यामुळे थट्टेला विषय कमी पडत नव्हते. एका संक्रांतीला कुणीतरी त्यांच्या टेबलावर हळदीकुंकवाची ताटली ठेवली. सगळे बघत बसले, ही आता रडते का ओरडते. बाईंनी ताटली उचलली आणि पहिल्या टेबलापासून सुरुवात केली. एकेका वकिलाच्या कपाळावर करंगळीनं कुंकू लावलं. "वाण नाही आणलं, वकीलसाब, तुम्हीच द्या," म्हणून प्रत्येकापुढे एक अर्ज धरला. आवारात बायकांसाठी मुतारी बांधावी, असा. कुंकू लागलेल्यांपैकी तिघांनी सही केली. मुतारी बारा वर्षांनी झाली.

खुर्ची पळवणारे हेच लोक जुन्या जमिनीचा उर्दू कागद हातात आला की त्यांच्याकडे यायचे. बाई मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पण आधी समोरच्याला उभं ठेवायच्या. "बसा म्हटलं असतं, पण खुर्ची कुणीतरी नेली."

त्यांच्या पक्षातली मंडळी काही वेगळी नव्हती. मोर्चात बाई पहिल्या रांगेत, सभेच्या व्यासपीठावर शेवटच्या. सुगीच्या मजुरीच्या एका मोर्चात लाठीमार झाला आणि त्यांचा उजवा पाय मोडला. जमिनीवर पडल्या पडल्या त्या शिपायाला म्हणाल्या, "अजून मारायचं असेल तर डाव्यावर मार. उजव्याची नोंद झाली." हे मला त्या शिपायानंच सांगितलं, निवृत्त झाल्यावर. सांगताना तो हसला नाही.

आता पाहिलेलं.

राणीसावरगावकडची एक बाई त्यांच्याकडे आली होती. नवऱ्यानं मारलेलं. वकिलाकडे जायचं म्हणून बिचारीनं डोक्यावरून पाणी घेतलं होतं, तेल लावून केस विंचरले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती. बाईंनी तिला खालून वर पाहिलं.

"रक्त आलं होतं?"

"आलतं की. लय आलतं."

"कुठंय?"

"धुतलं, बाई. असं घाण कसं यावं तुमच्याम्होरं?"

बाईंचा आवाज आवारभर गेला. "धुऊन आलीस? पुरावा धुऊन आलीस! नवऱ्यानं एकदा मारलं, तू दुसऱ्यांदा मारलंस स्वतःला!"

ती बाई रडायला लागली. बाईंनी घड्याळ काढून ठेवलं.

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मारानं निळ्या पडलेल्या माणसावर असं ओरडायचं? पण पुढे मला कळलं की हीच गोष्ट त्यांना आयुष्यभर छळत होती. गरीब माणूस अब्रूला फार जपतो आणि त्या जपण्यातच त्याचा पुरावा जातो. 'आमच्या नावावर गुन्हा नको, साहेब,' म्हणून हात जोडतो. बाईंना हे जोडलेले हात दिसले की त्या चवताळायच्या.

माझी आणि त्यांची पहिली गाठ याच गोष्टीवरून पडली. माझी पहिलीच नेमणूक होती, वय चोवीस. झरीच्या पुढचं एक गाव. गावाच्या गायरानात, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीत, बौद्ध वस्तीतली एक्केचाळीस घरं दोन-दोन एकर कसून खात होती. एके सकाळी वकीलबाई एसटीतून उतरल्या, पाय ओढत माझ्या सज्जाच्या कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "तलाठीसाहेब, माझ्या माणसांना दंड करा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अतिक्रमण केलंय त्यांनी. सरकारी जमीन नांगरलीय. पंचनामा करा, दंड लावा, पावती द्या. एकही सोडू नका. एकही!"

"बाई, वकील लोक दंड माफ करा म्हणायला येतात."

"त्यांना दंडाचं ओझं वाटतं. मला नोंद हवी. आज तुम्ही लिहा की हा माणूस सरकारी जमीन कसतो, गुन्हेगार आहे. उद्या सरकार म्हणेल, ज्याचं अतिक्रमण जुनं असेल त्याच्या नावावर जमीन करू, पुरावा दाखवा. तेव्हा हा तुमचा दंडच दाखवीन मी."

सरकार असं म्हणेल, यावर माझा विश्वास बसला नाही. पण अर्ज लेखी होता आणि नियमात होता. मी नोंदवही घेऊन गेलो.

एप्रिल महिना. घरांना मी ओळीनं क्रमांक दिले, एक ते एक्केचाळीस, आणि एकेका दारात बसून नाव, क्षेत्र, पीक, दंड असं लिहीत निघालो. सोळा घरं झाली. त्या सोळा घरांतून मला कुणी पाणी विचारलं नाही. त्यांना अनुभव होता. आम्ही पाथरीकडचे जमीनवाले, आणि आडनावावरून गावाला माणूस कळतो.

सतरावं घर धुरपताबाईचं. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. वय माझ्याएवढंच असेल. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं लोटा भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. "पाणी घ्या, तलाठीसाब. ऊन लय हाय."

मी म्हणालो, "तहान नाही."

ती लोटा धरून तशीच उभी राहिली. मग तिनं ते पाणी दारातल्या तुळशीएवढ्या कढीपत्त्याच्या रोपाला ओतलं आणि आत गेली.

मी तिच्या नावाची ओळ लिहिली नाही. दंड लावला नाही. सतरा आकडा लिहून पुढची जागा मोकळी सोडली, कारण घरांचे क्रमांक बदलले असते तर खालचा सगळा मेळ चुकला असता. शेवटी 'एकूण चाळीस' लिहून सही केली. एका विधवेला दंडातून सोडवलं, याचं मला घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.

पुढे बाईंनी सांगितलं तसंच झालं. सरकारनं एक तारीख ठरवली. त्या तारखेआधीची नोंद ज्याची असेल, त्याची जमीन नावावर होईल. माझी बदली केव्हाच झाली होती. चाळीस जणांनी माझ्या हातच्या पावत्या काढल्या. कुणी पत्र्याच्या पेटीतून, कुणी देव्हाऱ्यात ठेवलेल्या तसबिरीमागून. चाळीस जणांचं काम झालं. धुरपताबाईकडे पावती नव्हती, नोंदवहीत नाव नव्हतं. अर्ज फेटाळला. जमीन सोडा म्हणून नोटीस आली.

बाईंनी तिच्या वतीनं दावा लावला. सरकारतर्फे साक्षीदार म्हणून मला समन्स आलं. चौदा वर्षं झाली होती. सरकारी वकिलांनी मला समजावलं, "तुम्हाला काही करायचं नाही. वही उघडायची. यात हिचं नाव नाही, एवढंच सांगायचं."

साक्षीच्या आदल्या रविवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. तेव्हा मी परभणीत राहायला आलो होतो, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्या ओसरीत पाय पसरून मोडक्या हाडाला तेल चोळत बसल्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, नोंदवही उद्या माझ्या ताब्यात येणार आहे. सतरा नंबरची ओळ मोकळी आहे. मी नाव घालतो."

आयुष्यात एवढं एकच खोटं लिहायला मी तयार झालो होतो.

"शाई?"

"तेव्हाची दौत आहे माझ्याकडे. वाळली आहे, पाणी घालून चालेल."

बाई तेल चोळायच्या थांबल्या. कितीतरी वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या हो म्हणतील. मला आजही वाटतं की त्या हो म्हणणार होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "गावातले काही जण त्या चाळीस नावांवर टपून बसलेत. सतरावी ओळ खोटी निघाली की सोळावी कशी खरी, हे विचारतील. मी त्यांची वकील असते तर पहिल्यांदा शाई तपासायला पाठवली असती. एका खोट्या ओळीपायी चाळीस खऱ्या ओळी बुडतील."

"मग धुरपताबाईचं काय?"

"तिची जाईल बहुतेक."

"तिला सांगितलंत?"

"सांगितलं. तुझ्याआधीच मला सुचलं होतं हे, एवढा शहाणा समजू नकोस स्वतःला. ती म्हणाली, चाळीस जणांची भाकर माझ्या भाकरीपरीस मोठी हाय व्हय, बाई? मी म्हणाले, हो. चाळीस पट."

मला खाली बघावं लागलं.

"आता एकच वाट आहे," त्या म्हणाल्या. "उद्या खरं बोल. मी जे विचारीन त्याचं. कमी नाही, जास्त नाही."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. मला ते आपुलकीचं वाटलं. ती उलटतपासणीची तयारी होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

कोर्ट भरलेलं होतं. वस्तीतले लोक मागे उभे. धुरपताबाई भिंतीला टेकून खाली बसलेली. वकीलबाई उठल्या. घड्याळ मनगटावरच होतं.

"यादी तुमच्या हातची?"

"हो."

"सोळा नंबरला कोण?"

मी नाव वाचलं.

"अठराला?"

तेही वाचलं.

"सतराला?"

"कोणी नाही."

"घर नव्हतं?"

"होतं."

"घरात माणूस नव्हतं?"

"होतं."

"मग पेन संपलं होतं का?"

लोक हसले. मी म्हणालो, "मला दया आली."

"दया." बाईंनी तो शब्द कडू औषधासारखा तोंडात धरला. "सोळा नंबरची बाई विधवाच होती ना? तिला दंड लावलात?"

"लावला."

"म्हणजे दया एका घराच्या अंतरात आली. बरं. सतरा नंबरला तुम्हाला काही देऊ केलं होतं?"

मी धुरपताबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"पाणी."

"ऊन होतं?"

"होतं."

"प्यालात?"

सरकारी वकील उभे राहिले. न्यायाधीश म्हणाले, "बाई, याचा जमिनीशी काय संबंध?"

"साहेब, ही ओळ कोरी का राहिली, त्याचं उत्तर त्या लोट्यात आहे."

न्यायाधीशांनी हातानं 'चालू द्या' अशी खूण केली.

"प्यालात का?"

"नाही."

"तहान नव्हती?"

खोटं बोलणं सोपं होतं. एक शब्द होता. "होती," मी म्हणालो.

"मग?"

"बौद्ध वस्तीतलं घर होतं."

टंकलेखकाची बोटं एवढा वेळ टकटक करत होती, ती थांबली. बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा. साक्षीदारानं सांगितलंय ते लिहा." मग पुन्हा माझ्याकडे. "म्हणजे दया नव्हती, तलाठीसाहेब. शरम होती. पाणी नाकारल्याची शरम तुम्ही दंड सोडून धुऊन काढलीत. आणि त्या धुण्यात हिची जमीन वाहून गेली. बरोबर?"

"बरोबर."

"माझे प्रश्न संपले."

मी पिंजऱ्यातून उतरलो. ज्या बाईंसाठी मी नोकरी पणाला लावायला निघालो होतो, त्यांनी मला शंभर माणसांपुढे सोलून काढलं होतं. पण मला हेही मान्य करावं लागतं, की चौदा वर्षांत त्या गोष्टीला खरं नाव त्यांनीच दिलं. मी तिला दयाच म्हणत आलो होतो.

निकाल दीड महिन्यानं लागला. कोरी ओळ ही नोंद नव्हे. साक्षीदार काय म्हणतो ते चौदा वर्षांनंतरचं तोंडी बोलणं आहे, कागद नव्हे. दावा फेटाळला.

निकालाच्या दिवशी मी गेलो होतो. जायचं कारण नव्हतं, पण गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात धुरपताबाई जमिनीवर बसली होती. वकीलबाई मोडक्या पायानं महाप्रयासानं तिच्या शेजारी खाली बसल्या. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि दोघींच्या मधे फरशीवर ठेवलं.

"पाच मिनिटं, धुरपता."

"कशाची?"

"रड."

धुरपताबाईनं घड्याळाकडे पाहिलं. "तुमच्या पाच मिन्टात माझी दोन एकर मावत न्हाई, बाई."

बाईंनी घड्याळ तिच्याकडे आणखी सरकवलं.

"तुमीच रडा. तुमाला येतंय का तरी?"

मग तिनं ते घड्याळ उचललं, पदराच्या टोकाला बांधलं आणि उठून चालायला लागली. पक्षाचा एक कार्यकर्ता मागे धावला, "ओ बाई, घड्याळ वकीलबाईंचंय!" वकीलबाई जमिनीवरूनच ओरडल्या, "जाऊ दे तिला. फैसला झाला."

त्या दिवसापासून त्यांचं मनगट मोकळं राहिलं. पट्ट्याच्या जागी गोरा चट्टा होता, तो वर्षभरात उन्हानं भरून निघाला. दुसरं घड्याळ त्यांनी घेतलं नाही. पुढे कुणी रडायला लागलं की त्या शेजारी जो असेल त्याला म्हणायच्या, "तुझं बघ रे. पाच झाली की सांग."

माझी खात्यात चौकशी झाली, दोन वेतनवाढी गेल्या. पाथरीला वडील म्हणाले, "वहीचं सांगितलंस ते ठीक. पाण्याचं कशाला सांगायचं? सगळ्या भावकीला उघडं केलंस." मी बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तुझ्यासारखा खरं बोलणारा माणूस मिळत नाही. आणि एवढं उशिरा बोलणाराही."

माफी त्यांनी मागितली नाही. पण त्यानंतर मी त्यांच्याकडे कधीही गेलो तरी एक गोष्ट ठरलेली. आधी पाणी. मोठा पितळी पेला, काठोकाठ. चहा नंतर, बोलणं नंतर. पेला माझ्या हातात देऊन त्या समोर बसायच्या आणि मी तो रिकामा करेपर्यंत नजर हलवायच्या नाहीत.

"बाई, आत्ताच घरून पिऊन आलोय."

"पी. नोंद होतीय."

पंधरा वर्षं मी त्या घरात दर रविवारी तहान नसताना पाणी प्यालो.

शेवटची दोन वर्षं त्यांना माणसं ओळखू येईनात. मी फायली लावून द्यायला जायचो. त्या खाटेवर बसून मनगटावरचं नसलेलं घड्याळ काढायच्या, पुढ्यात ठेवायच्या आणि वाट बघायच्या. आलेल्या माणसाला कळायचं नाही हे काय चाललंय. कुणी हसायचं, कुणी 'बरं वाटतंय का?' विचारायचं. पाच मिनिटं झाली की त्या ते नसलेलं घड्याळ उचलून पुन्हा बांधायच्या. "झालं. पुढची." मी एकदा माझ्या घड्याळात पाहिलं. चार मिनिटं पन्नास सेकंद.

एका दुपारी त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. मला वाटलं, ओळखलं.

"वही आणलीस?"

"कोणती, बाई?"

"सतरा नंबर मोकळा आहे ना?"

मी हातातली फाईल खाली ठेवली.

"मग घाल की नाव," त्या म्हणाल्या. आवाज खाली आणला. असा चोरटा आवाज मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. "घाल. धुरपता म्हणून लिही. दोन एकर. शाई आहे ना तुझ्याकडे? कोण बघतंय?"

"बाई, तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी?" त्या रागावल्या. "मी कशाला नको म्हणेन? दोन पोरी आहेत तिला. घाल नाव. आत्ता घाल. माझ्यासमोर."

त्या ऐकेनात. शेवटी मी एक पाठकोरा कागद घेतला, सतरा आकडा टाकला आणि पुढे नाव, क्षेत्र, पीक, दंड असं सगळं लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बोट ठेवून वाचला. मग म्हणाल्या, "तारीख राहिली."

मी तारीख घातली. चौदा अधिक सोळा, तीस वर्षांपूर्वीची. त्यांनी कागद उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

त्या गेल्या तेव्हा पुतण्या पुण्याहून आला. फायली रद्दीत गेल्या. उशीखालचा कागद मी शोधला, मिळाला नाही. कोर्टात शोकसभा झाली. ज्यांनी खुर्ची पळवली होती त्यांच्यातले एक अजून आहेत. त्यांनी 'आमची मोठी बहीण' असं भाषण केलं. सभा सव्वीस मिनिटांत आटोपली.

धुरपताबाईला कुणी कळवलं नसणार, हे मला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी मी गेलो. झरीपर्यंत एसटी, पुढे जीप. गायरानात चाळीस तुकडे हिरवे होते. मधला एक तारेच्या कुंपणात. सरकारनं तो ताब्यात घेतला, पण त्याचं केलं काही नाही. आत वेड्या बाभळी उभ्या आहेत. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रानात, सोळा आणि अठरा नंबरच्या, धुरपताबाई रोजानं निंदायला जाते.

ती दारातच बसली होती. कढीपत्त्याचं झाड आता पत्र्याच्या वर गेलंय. तिनं मला ओळखलं.

"बाई गेल्या," मी म्हणालो.

"कवा?"

"सोमवारी."

मी तिला सगळं सांगितलं. बाईंना शेवटी काही आठवत नव्हतं, पण तिचं नाव घाल म्हणून त्या हट्ट धरून बसल्या, मी कागदावर घातलं, तारखेसकट. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, बाईमाणसाच्या दारात उभा राहून रडायला लागलो.

धुरपताबाई उठली. आत गेली. पदरात काहीतरी घेऊन आली आणि माझ्यासमोर उंबऱ्यावर ठेवलं. तेच घड्याळ. पट्टा बदललेला, काच चरे पडलेली. काटा फिरत होता.

"रोज चावी देते मी," ती म्हणाली. "बंद पडलं तर बाई वरडतील म्हून."

मग ती खाली बसली, माझ्याकडे न बघता.

"पाच मिन्टं, तलाठीसाब."

मी रडलो. डोळे पुसून पाहिलं तर सहा सेकंद उरले होते. ते संपेपर्यंत ती थांबली. मग घड्याळ उचलून तिनं पुन्हा पदराला बांधलं.

ऊन लागत होतं. घसा कोरडा पडला होता. पाण्याचा माठ दाराच्या आत, तीन हातांवर होता. त्यावर लोटा पालथा घातलेला. तिनं विचारलं नाही. मी मागितलं नाही.